हंड्याच्या तोंडची कणीक

१

माझ्या मेहुण्याला सगळे ‘धाकटा’ म्हणतात. वय त्रेपन्न, टक्कल पडलेलं, धंदा ट्रकची इंजिनं दुरुस्त करण्याचा, आणि हा अजून धाकटा. दर वर्षी आलुबुखाराचा हंगाम संपला की हा गृहस्थ घरी दारू गाळतो, बाटल्यांवर किरट्या अक्षरात तारखा टाकतो आणि नातेवाइकांत वाटत फिरतो. नातेवाईक एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि ‘वा’ म्हणतात. फुकट मिळालेल्या कुठल्याही गोष्टीला आमचे नातेवाईक ‘वा’ म्हणतात.

मी तीस वर्षं वजनमापांच्या कचेरीत थर्मामीटर तपासले. दवाखान्यांचे, डेअऱ्यांचे, बेकऱ्यांचे. बर्फात बुडवून शून्य दाखवतो का बघायचं, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभर दाखवतो का बघायचं, मग सही. त्यामुळे ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. धाकट्याचं सगळंच अंदाजाने. हंडा किती तापवायचा? अंदाजाने. थांबायचं कधी? “कळतं ते, भाऊजी.”

सासरेही तसलेच होते. त्यांच्याकडूनच हा धाकट्याकडे आलेला रोग. भर उन्हाळ्यात डोक्याला लोकरी टोपी आणि हात कायम गारढोण. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हा माणूस मासळीबाजारातून थेट इथे आलाय. त्या टोपीवरून मी बायकोला एकतीस वर्षं चिडवत आलोय.

यंदा सगळे जेवायला जमले होते. धाकट्याची बाटली हातोहात फिरत होती आणि मी बोलून गेलो, “हातात चांगला थर्मामीटर असेल तर कुठलाही माणूस याच्यापेक्षा चांगली गाळेल.”

“मग गाळा की,” बायको म्हणाली.

सगळे हसले. धाकटाही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने सासऱ्यांचा जुना तांब्याचा हंडा माझ्या दारात आणून ठेवला.

२

तीन आठवडे आलुबुखार पिंपात आंबत होते. ते आंबणं मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिलं. गाळायच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला. पुढचं सगळं तो सांगणार होता आणि मी ऐकणार होतो, अशी त्याची समजूत होती.

“पहिली धार फेकून द्यायची, भाऊजी. त्यात विष असतं.”

“मेथॅनॉल,” मी म्हणालो. पहिल्या धारेची म्हणून मिटक्या मारणाऱ्या लोकांची मला नेहमीच कीव येत आली आहे.

“तेच ते. आणि हंड्यावर टोपण बसवलं की कडेने जी फट राहते ती कणकेने लिंपायची. वाफ सुटली तर भडका उडेल. कणीक मऊ हवी, पण पातळ नको.”

“बरं.”

“आणि ती तुम्ही मळायची. जो गाळतो त्यानेच मळायची. बाबांनी आईला कधी परातीला हात लावू दिला नाही.”

“का?”

“का ते मला नाही माहीत. आमच्याकडे तसंच करतात.”

मी वहीत लिहिलं : ‘मेथॅनॉल. कणीक. बाकी अडाणीपणा.’

३

आता कणीक मळणं ही गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. करणारही नव्हतो. या घरात पंधरा पावलांवर एक बाई आहे जी ते काम दोन मिनिटांत करते. मी साठीला आल्यावर पीठ कुठल्या डब्यात असतं ते शोधत बसायचं, ते एका ट्रकवाल्याच्या बापाची सवय म्हणून?

रविवार होता, सकाळचे दहा. बायको मागच्या खोलीत मशीनवर पँटच्या कडा शिवत होती. बाजारपेठेतल्या कपड्यांच्या दुकानाचं ते काम ती घरी आणते. मी हाक मारली.

“अहो, पण धाकटा म्हणतो तुम्ही मळायची.”

“धाकटा काय वाट्टेल ते म्हणतो.”

ती हसली, बाह्या वर केल्या आणि परात घेतली. तिचे हात मला आवडतात, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. ते कायम गरम असतात. हिवाळ्यात माझे पाय गार पडले की मी ते तिच्या पायांना लावतो आणि ती झोपेतच ‘मेलं’ म्हणते. मऊ गोळा झाला. तिने त्याची लांब वळी केली, हंड्याच्या तोंडाभोवती फिरवली आणि बोटांनी दाबत दाबत फट बंद केली. चार बोटांचे ठसे, मग पुन्हा चार बोटांचे ठसे, सगळीकडे सारख्या अंतरावर.

“झालं,” ती म्हणाली. “यात एवढं काय?”

मीही तेच म्हणालो. ती हात धुऊन परत मशीनवर बसली.

४

गॅस मंद ठेवला. टोपणाच्या वरच्या भोकात बुचातून माझा थर्मामीटर खोचला. नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून तिचं टोक बरणीवर आणलं. मग खुर्ची ओढून वही घेऊन बसलो. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास येतं. त्याआधी काही येत नाही. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं.

पारा चढत गेला. तीस. चौतीस. छत्तीस. सदतीसला तो थांबला.

आणि नळीतून पहिला थेंब पडला.

मी वहीत आकडा लिहिला आणि लगेच खोडला. सदतीसला दारू येत नाही. सदतीसला साधं पाणीसुद्धा असं येत नाही. थर्मामीटर बिघडला असणार. तीस वर्षांत मी हे वाक्य लोकांना शेकडो वेळा म्हटलंय. आता ते स्वतःच्या थर्मामीटरबद्दल म्हणायची वेळ आली याचा मला राग आला. दुसरा लावला. सदतीस. कपाटातून तिसरा काढला, हा प्रमाणित, माझ्याच सहीचा. त्याचाही पारा सदतीसवर गेला आणि तिथेच बसला.

मी गॅस वाढवला. सदतीस. पुरा उघडला. सदतीस. मग गॅस बंद केला आणि पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसलो. खाली बर्नर गार झाला, हाताला गार लागला. हंड्याचं पोट मात्र तसंच कोमट, आणि थेंब त्याच वेगाने पडत होते.

पहिली धार मी फेकून दिली, नियम म्हणून. फेकताना वास आला. आलुबुखाराचा नव्हता. इस्त्री केलेल्या कापडाचा होता, बायको खोलीत आली की येतो तसा. मागच्या खोलीत इस्त्री चालू असेल असं मी ठरवलं. तिथून इस्त्रीचा आवाज येत नव्हता, मशीनचा येत होता, तरीही मी ते ठरवून टाकलं.

५

बारा वाजता धाकट्याचा फोन आला.

“लागली का धार?”

“लागली.”

“वा! लवकर लागली. थंडी वाजतेय का तुम्हाला?”

“कसली थंडी?”

“नाही, वाजते थोडी. बाबांना वाजायची, मलाही वाजते. स्वेटर जवळ ठेवा. गोड चहा घ्या.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “भाऊजी, कणीक तुम्हीच मळलीत ना?”

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण या माणसाने मला विचारावं आणि मी सांगावं की बायकोला हाक मारली? पुढच्या जेवणाला तो हा किस्सा सांगणार आणि सगळे नातेवाईक ‘वा’ म्हणणार.

“मीच मळली,” मी म्हणालो.

“मग वाजेल. घाबरू नका. धार संपली की जाते. साडेसहाला येतो मी चव बघायला.”

मी फोन ठेवला. मला अजिबात थंडी वाजत नव्हती. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, बाहेर शेजारी फुलझाडांना पाणी घालत होता. या माणसांनी अंगात हुडहुडी भरवून घ्यायची आणि तिला दारूची कला म्हणायचं. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा.

मागच्या खोलीतून बायकोची हाक आली.

“अहो, माझा स्वेटर कुठे ठेवलाय?”

६

दोन वाजेपर्यंत लिटरची बरणी भरली. मी दुसरी लावली. पिंपातल्या ऐवजातून फार तर दोन लिटर निघायला हवे होते. अडीचला दुसरीही भरली. मी तिसरी लावली आणि आकडेमोड पुन्हा केली. आकडेमोडीत चूक नव्हती.

मशीनचा आवाज थांबून थांबून येत होता. चार टाके, मग शांतता. पुन्हा दोन टाके. मग नाहीच.

जाऊन पाहिलं तर बायको पलंगावर पडली होती. अंगावर स्वेटर, त्यावर रजई, त्यावर तिचा कोट. ओठ निळसर. मी कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. मासळीबाजार. मला सासऱ्यांचा हात आठवला.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “हवा बदलली असेल. झाली का तुमची दारू?”

मी तिच्या काखेत थर्मामीटर लावला. चौतीस पूर्णांक सहा. तो बिघडला असणार. स्वयंपाकघरातून बर्फ आणला, भांड्यात ठेचला, थर्मामीटर त्यात बुडवला. शून्य. अगदी केसाइतकाही फरक नाही. माझी सही असलेला थर्मामीटर होता, फरक कुठून असणार! पुन्हा तिच्या काखेत लावला. चौतीस पूर्णांक चार.

“डॉक्टरला बोलावतो.”

“रविवारी कुठला डॉक्टर? पडते जरा. बरं वाटेल.”

तिने डोळे मिटले. मी दवाखान्यात फोन लावला, तो वाजत राहिला. मग मी दारात उभा राहिलो, म्हणजे स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्या मधल्या दारात. तिचा श्वास ऐकायचा होता. एका कानाने तो ऐकू येत होता. दुसऱ्या कानाने थेंब.

दोन्ही एकच होते.

मी घड्याळ काढलं. अशा गोष्टी मला मोजता येतात. तिची छाती वर, थेंब. खाली. वर, थेंब. मिनिटाला अकरा. एवढ्या थेंबांनी अर्ध्या तासात बरणी भरत नाही, तरी ती भरली होती. योगायोग असतो, दोन लंबक काही वेळ बरोबर हलतात, मग चुकतात. मी चुकायची वाट पाहिली. दहा मिनिटांत एकदाही चुकले नाहीत. आता मिनिटाला दहा होते.

मी हंड्यापाशी गेलो आणि नळीच्या टोकावर अंगठा दाबला. थेंब थांबला.

घर एकदम शांत झालं. मी दारातून तिच्याकडे बघत होतो. रजई हलत नव्हती. मी वाट पाहिली, कारण वाट पाहिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, असं मी तीस वर्षं कनिष्ठांना सांगत आलो होतो. रजई हललीच नाही. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आत गेलं नाही.

मी अंगठा काढला. थेंब पडला. ती दीर्घ श्वास घेऊन खोकली.

मी घाबरलो.

७

धाकट्याला फोन केला. गाडी चालवत असणार, उचलला नाही. उचलला असता तर मी काय सांगणार होतो? मी खोटं बोललो, तुझ्या बहिणीने मळली, तिचं काय होतंय ते बघ?

कणीक खरवडून काढावी असं मनात आलं. सुरी घेतली. पण सुरीचं टोक कणकेला लागायच्या आधी खोलीतून ती ‘आई गं’ म्हणाली, झोपेत, बोटं आखडून घेत. मी सुरी खाली ठेवली.

मग मी जवळ जाऊन ती कणीक पाहिली. सकाळची कणीक एव्हाना सुकून टणक व्हायला हवी होती. ती मऊ होती, आणि कोमट. तिच्या बोटांचे ठसे तसेच होते, चार, मग चार. फक्त ते खोलगट नव्हते. प्रत्येक ठशातून एक बारीक टेंगूळ वर आलं होतं, आतल्या बाजूने कुणी बोट लावून धरावं तसं.

मी ते बघत उभा राहिलो. एक टेंगूळ माझ्यादेखत किंचित वर आलं.

जो गाळतो त्यानेच मळायची. माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं. ना शास्त्र, ना आकडा. एका ट्रकवाल्याचं वाक्य होतं, ज्याच्याखाली मी ‘अडाणीपणा’ लिहिलं होतं.

पीठ कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. तीन डबे उघडले, त्यातला एक साखरेचा निघाला, तो सांडला. चौथ्यात पीठ मिळालं. परातीत ओतलं, पाणी घातलं, ते फार झालं. मग पीठ घातलं, ते फार झालं. बोटांना चिकटून माझे हात पंजासारखे दिसायला लागले. साठ वर्षांच्या माणसाला एक गोळा करता येईना. रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता, दोन्ही एकदम. ती रोज हे करत होती, मी रोज खात होतो आणि ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणत होतो.

शेवटी गोळ्यासारखं काहीतरी झालं. तिची कणीक न काढता मी माझी तिच्यावरून थापली आणि अंगठ्याने दाबायला सुरुवात केली.

पहिल्याच ठिकाणी पलीकडून कुणीतरी तितक्याच हलक्या हाताने माझ्या अंगठ्यावर दाबलं.

मी हात काढला नाही. पुढच्या जागी दाबलं. तिथेही पलीकडून. असं हंड्याभोवती पूर्ण फेरी मारली, एकही जागा सोडली नाही. वळीची दोन्ही टोकं जुळली तेव्हा माझ्या बोटांच्या टोकांना पहिल्यांदा गार वाटलं.

थेंबांचा ताल चुकला. थोडा वेळ नुसता गोंधळ, मग पुन्हा लागला, जरा जलद. मला धाप लागली होती, त्यामुळे तो कुणाचा ताल आहे हे ओळखायला घड्याळ लागलं नाही. वास बदलला. शिक्क्याच्या शाईचा, जुन्या कचेरीचा.

खोलीतून तिचा आवाज आला, अगदी नेहमीचा. “अहो, एवढं सगळं माझ्या अंगावर कुणी टाकलं? घामाने भिजले मी.”

८

आता साडेपाच वाजलेत. सहावी बरणी चालू आहे. मी हंड्याशेजारी खुर्चीत आहे, दोन स्वेटर, तिची रजई. पायांत मोजांचे दोन जोड. डोक्याला काही असतं तर बरं झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो कुणाच्या टोपीचा आहे हे मला कळलं.

बायको मशीनवर आहे. एकसारखा आवाज येतोय, मधेच गुणगुणते. तिला थर्मामीटर मघाशीच लावून पाहिला, छत्तीस पूर्णांक नऊ. “मला काय झालंय?” म्हणून ती चिडली. मलाही लावला. तेहेतीस पूर्णांक एक. बर्फात तपासला नाही. माझी सही आहे त्यावर.

धाकटा साडेसहाला येईल. त्याला हे संपवता येतं की नाही मला ठाऊक नाही. त्याची धार संपते. त्याची कणीक चांगली असते. माझी कणीक मात्र वाईट झाली आहे, आणि तीच खरी अडचण आहे. ती सुकतेय. पाच वाजता तिला एक तडा गेला, नखाएवढा. तेव्हा मशीनचा आवाज थांबला, आणि बायको म्हणाली, “एकदम गारवा आला नाही?” मी बोट ओलं करून तडा लिंपला. मशीन चालू झालं. आता आणखी दोन तडे गेलेत. माझी बोटं नीट वाकत नाहीत.

परात मांडीवर घेऊन मी पुन्हा पीठ ओतत होतो तेव्हा ती चहा घेऊन आत आली. टोपणाकडे पाहिलं, आणि इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला.

“हे काय केलंत? ही काय कणीक आहे? भिंतीला गिलावा केल्यासारखी! माझी चांगली होती ती झाकून टाकलीत?” तिने बाह्या वर सारल्या. ते हात, गरम, लालसर. “सरका. द्या ती परात. तुम्हाला कुठे जमतंय. मी देते मळून, दोन मिनिटांचं काम.”

तिचा हात परातीच्या काठाला लागला.

मी परात दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतली. पीठ स्वेटरवर सांडलं. एकतीस वर्षांत मी त्या बाईच्या हातातून कुठलंही काम काढून घेतलं नव्हतं.

“नको,” मी म्हणालो. दात वाजत होते म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. “नको. मला येतं.”

“येतं?”

“येतं. तू जा, तुझं शिवण कर.”

तिने बाह्या खाली केल्या. मग मान हलवून हसली आणि माझ्या खांद्यावरची रजई नीट केली. “बरं बाबा, येतं तर येतं. चहा गार करू नका,” म्हणाली आणि गेली. मशीन सुरू झालं.

मी कपाभोवती हात धरून पाहिले, काहीच जाणवलं नाही. मग पिठात पाणी घातलं. पुन्हा जास्त झालं. मी आणखी थोडं पीठ घेतलं.